पुडी, कमरेचा घेर आणि स्वादुपिंड

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवे पसरलेले असते. त्याची लांबी साधारण १५ सेंटिमीटर असते. उजवीकडचे डोके लहान आतड्याच्या सुरुवातीच्या वळणात बसलेले असते आणि डावीकडची शेपूट प्लीहेपर्यंत पोहोचते. अन्न पचवणारे रस आणि रक्तातली साखर सांभाळणारे इन्सुलिन या दोन्हींची जबाबदारी या एका अवयवावर आहे. तो इतका आत दडलेला आहे, की त्यात गाठ वाढू लागली तरी ती हाताला लागत नाही आणि बराच काळ दुखतही नाही. म्हणूनच हा कर्करोग लक्षात येतो तेव्हा बहुतेक रुग्णांच्या बाबतीत शस्त्रक्रियेची वेळ निघून गेलेली असते. १०० रुग्णांपैकी जेमतेम १५ ते २० जणांची गाठ काढता येण्याजोगी असते. २०२२ मध्ये जगभरात या रोगाचे सुमारे ५ लाख १० हजार नवे रुग्ण नोंदले गेले आणि त्याच वर्षी सुमारे ४ लाख ६७ हजार मृत्यू झाले. हे दोन आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत, एवढे पाहिले तरी रोगाचे गांभीर्य कळते.

भारतात या रोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरेच कमी आहे. तरीही, स्तनाच्या किंवा तोंडाच्या कर्करोगासाठी जशी निरोगी माणसाची तपासणी करता येते, तशी कोणतीही सर्वसाधारण तपासणी स्वादुपिंडासाठी उपलब्ध नाही. लक्षणे नसलेल्या सर्वांची सरसकट तपासणी करू नये, असेच तज्ज्ञांच्या समित्यांचे मत आहे. त्यामुळे आपल्या हातात मुख्यतः एकच गोष्ट उरते, ती म्हणजे धोका वाढवणाऱ्या सवयी कमी करणे. वय आणि आनुवंशिकता बदलता येत नाही. सगळे पथ्य पाळणाऱ्यालाही हा रोग होऊ शकतो, आणि आयुष्यभर तंबाखू खाणारा एखादा नव्वदीपर्यंत जगतो. पण धोका किती कमी होतो याचा विचार केला, तर पुढे सांगितलेल्या बदलांना पर्याय नाही.

तंबाखू

मराठवाड्यात या विषयाची सुरुवात तंबाखूपासूनच करावी लागते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ न ओढता खाण्याची, चघळण्याची किंवा दातांना लावण्याची तंबाखू वापरतात असे आढळले, तर बिडी-सिगारेट ओढणारे ३.८ टक्केच होते. म्हणजे आपल्याकडचा खरा प्रश्न धुराचा नसून पुडीचा आहे. नेमका इथेच एक घट्ट गैरसमज आहे. ‘मी बिडी ओढत नाही, नुसती मळून खातो, झालाच तर तोंडाचा त्रास होईल,’ असे अनेक जण मनापासून मानतात. प्रत्यक्षात चुन्यासह मळलेल्या तंबाखूतले नायट्रोसामाइन गटातले घातक पदार्थ गालाच्या आतल्या त्वचेतून आणि गिळलेल्या लाळेतून रक्तात उतरतात आणि रक्ताबरोबर शरीरभर फिरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सगळा पुरावा तपासून धूरविरहित तंबाखूमुळे तोंडाचा, अन्ननलिकेचा आणि स्वादुपिंडाचाही कर्करोग होतो, असा निष्कर्ष काढलेला आहे. ओढणाऱ्यांचा धोका न ओढणाऱ्यांच्या साधारण दुप्पट असतो. सोडल्यावर तो हळूहळू उतरत जातो आणि १० ते २० वर्षांत न ओढणाऱ्यांच्या जवळपास येतो. चाळिशीत सोडणाऱ्याला त्याचा फायदा साठीत मिळतो आणि हा रोग प्रामुख्याने साठीनंतरच गाठतो, त्यामुळे ‘आता या वयात काय उपयोग’ हे म्हणणे टिकत नाही.

पुरुषांच्या पुडीबद्दल निदान बोलले तरी जाते. बायकांच्या मिश्रीबद्दल मात्र घरात कोणी शब्द काढत नाही. केज तालुक्यातल्या आमच्या घरी धाकटी आत्या दर चार-पाच दिवसांनी तव्यावर तंबाखू टाकून ती काळी होईपर्यंत भाजत असे. त्या धुराने चुलीजवळ बसलेल्या आम्हा मुलांना ठसका लागायचा आणि डोळ्यांतून पाणी यायचे. मग ती भाजलेली तंबाखू हाताने चोळून बारीक भुकटी करायची आणि झाकणाच्या पितळी डबीत भरून ठेवायची. पहाटे ओट्यावर बसून, तर्जनी डबीत बुडवून दातांवर फिरवत ती अर्धा तास तशीच बसे. दुपारी जेवणानंतर आणि रात्री भांडी घासून झाल्यावर पुन्हा तेच. या सवयीला कोणी व्यसन म्हणत नव्हते, ‘दात घासणे’ म्हणत होते. मिश्री ही तंबाखूच आहे, तिच्यातही निकोटिन आणि तेच घातक पदार्थ आहेत, हे घरातल्या थोरल्या बाईला आदराने पण स्पष्ट शब्दांत सांगणे हे या लेखातले सर्वांत कठीण आणि माझ्या मते सर्वांत मोलाचे काम आहे.

सोडायची कशी? आधी चार दिवस काहीही न बदलता नुसते टिपून ठेवावे, की दिवसातून किती वेळा आणि कोणत्या प्रसंगी हात पुडीकडे जातो: उठल्यावर, चहानंतर, बैल किंवा ट्रॅक्टर थांबवल्यावर, पारावर चौघे जमल्यावर. या नोंदीवरून आपली तलफ नेमकी कशाला बांधलेली आहे ते कळते. मग दोन आठवड्यांच्या आतला एक दिवस ठरवावा, तो घरच्यांना आणि पारावरच्या सोबत्यांना सांगावा आणि आदल्या रात्री पुडी, चुन्याची डबी, मिश्रीचा डबा हे सगळे घराबाहेर काढावे; ‘पाहुण्यांसाठी’ म्हणून एकही पुडी फडताळात राहू देऊ नये. पहिले तीन दिवस सर्वांत जड जातात. चिडचिड होते, डोके दुखते, झोप लागत नाही, कामात मन राहत नाही. हा त्रास दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. एकेक तलफ काही मिनिटांत येऊन जाते, तेवढी मिनिटे निभावणे हेच खरे काम असते. त्या वेळी बडीशेप, लवंग, भाजलेले जवस किंवा फुटाणे तोंडात टाकावेत, पाणी प्यावे, जागेवरून उठून चार पावले टाकावीत. सुपारी मात्र घेऊ नये, कारण सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे. तंबाखू सोडून सुपारीवर येणारे पुष्कळ दिसतात. त्यातून हाती काही लागत नाही.

मिश्री सोडणाऱ्या बायका एक अडचण हमखास सांगतात, की ती लावल्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही. ही अडचण खरी आहे, कारण निकोटिनमुळे आतड्याची हालचाल वाढते. उठल्याबरोबर दोन पेले कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि भाकरी, आणि रोज ठरलेल्या वेळी शौचाला बसणे, एवढ्याने बहुतेकींचा हा त्रास दोन-तीन आठवड्यांत जातो. फार जुनी सवय असेल तर निकोटिनच्या गोळ्या किंवा च्युइंगगम डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरता येतात. गम सतत चघळायचा नसतो. थोडा चावून गालात धरून ठेवायचा, म्हणजे निकोटिन हळूहळू उतरते. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर समुपदेशक बोलतात आणि पुढेही फोन करून चौकशी करतात. एकदा सोडून पुन्हा धरली म्हणजे सगळे वाया गेले, असे समजू नये. कायमची सोडलेल्या अनेकांनी त्याआधी चार-पाच वेळा प्रयत्न केलेला असतो.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी वेगळा विचार करावा लागतो. दसरा-दिवाळीनंतर बीड आणि धाराशिवकडच्या टोळ्या निघतात. थंडीत पहाटे फडात उतरायचे, भूक मारायची आणि रात्री गाडी भरायची, या सगळ्यात तंबाखू हाच आधार वाटतो. अशा कुटुंबाने टोळी निघण्याच्या आठवड्यात सोडण्याचा मुहूर्त धरू नये. गावी परतल्यावर, उन्हाळ्यात घरची माणसे जवळ असताना तो धरावा, म्हणजे पुढचा हंगाम येईपर्यंत चार-सहा महिने हाताशी राहतात. नवरा-बायकोने एकाच दिवशी सोडली तर ती टिकण्याची शक्यता अधिक असते.

कमरेचा घेर आणि चहातली साखर

लठ्ठपणामुळे हा कर्करोग होण्याची शक्यता साधारण २० टक्क्यांनी वाढते. तंबाखूच्या तुलनेत हा परिणाम लहान आहे, पण लठ्ठपणातूनच मधुमेह येतो आणि मधुमेहाने धोका आणखी वाढतो, म्हणून त्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. पोटाच्या आत साठणाऱ्या चरबीमुळे शरीराला इन्सुलिन जास्त लागते आणि आतल्या आत सौम्य दाह चालू राहतो. या दोन्ही गोष्टी पेशींच्या बेशिस्त वाढीला पोषक ठरतात. भारतीयांच्या शरीरात ही चरबी कमी वजनालाही साठते, त्यामुळे आपल्यासाठीच्या मर्यादाही कमी ठेवलेल्या आहेत. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा. १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाचे वजन ६२-६३ किलोपर्यंत ठीक मानले जाते आणि ६८ च्या पुढे त्याची गणना लठ्ठपणात होते. घेर मोजताना शिंप्याचा टेप घ्यावा, सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध तो आडवा लावावा, श्वास सहज सोडल्यावर आकडा वाचावा आणि पोट आत ओढू नये. महिन्यातून एकदा मोजून कॅलेंडरवर लिहून ठेवावा.

आता साखरेचा हिशेब करून पाहू. आपल्याकडे कोणाच्याही दारात गेले तरी चहा घ्यावाच लागतो आणि तो गोडच असतो. एका कपात दोन चमचे, म्हणजे साधारण १० ग्रॅम साखर धरली, तरी दिवसाच्या सहा कपांत ६० ग्रॅम होते. दोन हजार कॅलरींच्या आहारात वरून घातलेली सगळी साखर ५० ग्रॅमच्या आत आणि शक्य तर २५ ग्रॅमच्या आत असावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे लग्नातली बुंदी, उन्हाळ्यातला रसवंतीचा पेला आणि थंड पेयाची बाटली यांची गणती सुरू होण्याआधीच आपण मर्यादा ओलांडलेली असते. एकदम बिनसाखरेच्या चहावर येण्याचा हट्ट धरणारे बहुधा आठवड्यात मागे फिरतात. दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा कमी करत गेल्यास जिभेला ते फारसे कळत नाही, आणि दोन महिन्यांनी जुना चहा पाकासारखा वाटू लागतो. साखरेऐवजी गूळ घातल्याने या हिशेबात फरक पडत नाही. जालन्याची मोसंबी सोलून खावी. रस काढला की तंतुमय भाग चोथ्यात जातो आणि चार फळांची साखर एका पेल्यात येते.

आपल्या जुन्या जेवणात बदलण्यासारखे फार थोडे आहे. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडी, करडई, चाकवत, तांदुळजा, पावसाळ्यातली पाथरी आणि घोळ, जवसाची किंवा कारळाची चटणी या ताटाला कोणत्याही आहारतज्ज्ञाने नाव ठेवू नये. भाज्या आणि फळे मिळून दिवसाला ४०० ग्रॅम पोटात जावीत. बिघडले आहे ते तेलाचे आणि पाकिटांचे प्रमाण. चार माणसांच्या घरात महिन्याला तीन-साडेतीन लिटर तेल पुरले पाहिजे; पाच लिटरचा डबा महिनाभरात संपत असेल, तर भजी-वडे कुठे होतात ते पाहावे. मटण आठवड्यातून एखादे वेळी खाणाऱ्याने काळजी करण्याचे कारण नाही. हळद, लसूण, गव्हांकुराचा रस किंवा जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी हा कर्करोग टळतो, असा पुरावा नाही. ते पैसे फळांवर खर्च करावेत.

चालणे आठवड्याला किमान १५० मिनिटे व्हावे, आणि ते इतक्या वेगाने, की सोबत्याशी बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही. रोज शेतात राबणाऱ्याला वेगळा व्यायाम लागत नाही. पण शेत बटाईने दिलेला मालक, दुकानदार, शिक्षक आणि कचेरीतला कर्मचारी यांनी आपल्याला त्या गणतीत धरू नये. एप्रिल-मे महिन्यांत साडेपाचला निघून सातच्या आत परतावे. बाहेर एकटीने फिरणे जमत नसलेल्या बाईने जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे अंगणात किंवा गच्चीवर येरझाऱ्या घातल्या, तरी जेवणानंतर चढणारी साखर त्याने उतरते.

दारू

जास्त आणि नियमित पिणाऱ्याच्या स्वादुपिंडाला वारंवार सूज येते. पोटाच्या वरच्या भागातून पाठीत घुसणारी, पुढे वाकून बसल्यावर थोडी कमी होणारी असह्य वेदना आणि उलट्या ही त्या सुजेची खूण आहे. अशी सूज वर्षानुवर्षे राहिली की स्वादुपिंड आक्रसून कडक होते आणि त्यात कर्करोगाचा धोका बराच वाढतो. देशी, विदेशी आणि हातभट्टी यांत या बाबतीत डावे-उजवे नाही. ज्याला एकदा असा झटका येऊन गेला आहे, त्याने दारू आणि तंबाखू दोन्ही कायमची बंद करावी. त्याच्यासाठी ‘थोडीशी’ हे प्रमाण उरलेले नसते. रोज पिणाऱ्याने मात्र घरच्या घरी एकाएकी बंद न करता आधी डॉक्टरांना भेटावे, कारण अचानक थांबवल्यास झटके येणे, भ्रम होणे असे जिवावरचे त्रास होऊ शकतात. पित्ताशयातले खडे आणि रक्तातली अतोनात वाढलेली चरबी हीदेखील अशा सुजेची कारणे आहेत, त्यामुळे दारू न पिणाऱ्यानेही असे दुखणे ॲसिडिटी समजून अंगावर काढू नये.

मधुमेह आणि दुर्लक्षित राहणाऱ्या खुणा

जुना मधुमेह असलेल्यांना या कर्करोगाचा धोका इतरांच्या दीड ते दोन पट असतो, म्हणून साखर आटोक्यात ठेवणे हाही याच उपायांचा भाग आहे. पण उलटेही घडते: कधी कधी मधुमेह हीच कर्करोगाची पहिली खूण असते. पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह निघालेल्या १०० जणांपैकी साधारण एकाला पुढच्या तीन वर्षांत स्वादुपिंडाचा कर्करोग आढळतो. उरलेल्या ९९ जणांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र घराण्यात मधुमेह नसताना, वजन वाढलेले नसताना साखर एकाएकी वाढली असेल आणि त्याच सुमारास वजन उतरू लागले असेल, तर डॉक्टरांना स्वादुपिंडाबद्दल स्पष्टपणे विचारावे.

आमच्या आत्याच्या बाबतीत आम्ही हेच ओळखले नाही. एकसष्टाव्या वर्षी तिला साखर निघाली, गोळ्या सुरू झाल्या आणि चार महिन्यांत तिचे वजन नऊ किलोंनी उतरले. औषध लागू पडले, असे म्हणून सगळ्यांनी समाधान मानले. मग डोळे पिवळे झाले आणि अंगाला खाज सुटली. शेजारच्या गावात कावीळ उतरवून देणाऱ्याकडे तिला नेले; त्याने चुन्याच्या पाण्यात हात धुवून पाणी पिवळे झालेले दाखवले आणि डोक्यावर काविळीची माळ घातली. ती माळ रोज थोडी लांब होत होती आणि आम्ही तिच्याकडे आशेने पाहत होतो. त्यात तीन आठवडे गेले. सोनोग्राफी झाली तेव्हा स्वादुपिंडाच्या डोक्याकडची गाठ यकृतापर्यंत पोहोचलेली होती. तिचा आजार मिश्रीनेच झाला असे मी म्हणणार नाही, कारण एका माणसाबद्दल असे कोणालाच सांगता येत नाही. पण ते तीन आठवडे मला अजून सलतात.

म्हणून काही खुणा घरातल्या प्रत्येकाला माहीत असाव्यात. पोट न दुखता झालेली कावीळ, चहासारखी गडद लघवी, फिकट पांढरट आणि तेलकट शौच, अंगभर खाज, पोटातून पाठीत जाणारे आणि रात्री वाढणारे दुखणे, भूक मरणे आणि कारण नसताना वजन उतरणे, पायात रक्ताची गाठ होऊन सूज येणे यांपैकी काहीही दिसले, तर माळ, मुळी किंवा काढा यांत दिवस घालवू नयेत. पन्नाशीनंतरची कावीळ झाडपाल्याने उतरवायची नसते, तिचे कारण शोधायचे असते. सोनोग्राफीत पोटातल्या वायूमुळे स्वादुपिंड कधी कधी नीट दिसत नाही. तेव्हा ती ‘नॉर्मल’ आली तरी तक्रार टिकून असेल तर सीटी स्कॅनबद्दल विचारावे. याउलट, कोणतीही तक्रार नसताना केवळ धास्तीने सीए १९-९ ही रक्ततपासणी करून घेऊ नये. साध्या पित्ताच्या आजारातही ती वाढते आणि नसती काळजी मागे लागते.

घराण्यातला इतिहास

दर १० रुग्णांपैकी साधारण एकाच्या आजारामागे आनुवंशिक कारण असते. आई-वडील, भावंडे किंवा मुले यांच्यापैकी दोघांना हा कर्करोग झाला असेल, किंवा घराण्यात स्तनाच्या आणि बीजकोशाच्या कर्करोगाचे अनेक रुग्ण असतील, तर बीआरसीएसारख्या जनुकांतला दोष त्यामागे असू शकतो. अशा कुटुंबांसाठी जनुकीय समुपदेशन आणि ठरावीक अंतराने एमआरआय किंवा दुर्बिणीतून सोनोग्राफी अशी देखरेख उपलब्ध आहे. माहेरचा इतिहास विचारायला विसरू नये. हा दोष आईकडूनही येतो आणि वडिलांकडूनही.

कुठे जावे

तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाला रक्तदाब, साखर आणि तोंडाची तपासणी गावच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत करून मिळते. आशाताईंना विचारले की दिवस कळतो. संशय असेल तर जिल्हा रुग्णालयातून पुढे छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जाता येते. धाराशिवकडच्या लोकांना बार्शी जवळ पडते. तिथल्या कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू आहे आणि तिच्यात परांडा आणि भूम या आपल्या तालुक्यांतली गावेही येतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरचे उपचार समाविष्ट आहेत. जाताना आधारकार्ड, रेशनकार्ड आणि साखरेचे व वजनाचे जुने सगळे कागद बरोबर घ्यावेत. वजन कधीपासून उतरू लागले हे डॉक्टर पहिल्यांदा विचारतात, आणि कॅलेंडरवर लिहिलेले आकडे त्या वेळी उपयोगी पडतात.